पायाला लिपस्टिक

"सवय होईल, ताई," पायवाला तिसऱ्यांदा म्हणाला आणि माझं डोकं फिरलं.

"मी का सवय करायची? हाड माझं आहे, ते वाकत नाही. प्लास्टिक तुमचं आहे. सवय त्याला लावा!"

अपघातात माझा उजवा पाय गुडघ्याखाली गेला. उरलेला पाय नकली पायाच्या ज्या पांढऱ्या पेल्यात बसतो, त्याला सॉकेट म्हणतात. पायवाल्याने ते बनवलं, चांगलं बनवलं. फक्त गुडघ्याखाली बाहेरच्या अंगाला हाडाचं टोक असतं, नेमकं तिथे ते टोचायचं. कातडी सोलून निघाली होती.

मी केस कापते. पार्लरच्या मालकिणीने सांगितलं होतं, सोमवारी उभी राहिलीस तर खुर्ची तुझी, नाहीतर गल्ल्यावर बस. गल्ल्यावर बसायला मी कात्री धरायला शिकले नव्हते.

"ताई, बाहेर रांग बघा."

"मी काय विमानातून उतरले? त्याच रांगेतून आले."

सोबत नणंद होती. तिने तोंड घातलंच. "अहो, घरी हिने ड्रायरने तापवून पाहिलं. केस असते तर करपले असते."

पायवाला हसला. "पॉलिप्रॉपिलिन आहे ते. जेवणाचे डबे करतात ना, तेच. उकळत्या पाण्याला भीक घालत नाही, ड्रायरला काय घालणार?"

"म्हणजे वहिनी, तुझा पाय आणि माझा डबा सख्खी भावंडं!"

"पण मऊ होतं ना?" मी विचारलं.

"होतं की. पुरेसं तापवलं की मऊ, गार झालं की घट्ट. पुन्हा तापवा, पुन्हा मऊ. म्हणून तर..." तो स्वतःच्याच बोलण्यात अडकला.

"मग तापवा."

"नेमकं कुठे टोचतं ते कळायला नको?"

मी पर्समधून लिपस्टिक काढली, जखमेवरच्या पट्टीला फासली, पाय चढवला आणि सगळं वजन टाकलं. तोंडातून शिवी गेली. पाय काढला तर सॉकेटच्या आत लालभडक ठसा.

त्याने सॉकेट उचललं. गरम हवेची बंदूक लावली तसं दुधासारखं प्लास्टिक काचेसारखं आरपार दिसायला लागलं. लाकडी गोळा आतून दाबून त्याने फुगवटा काढला आणि लगेच सोडला. गार होताहोता फुगवटा निम्मा परत आत.

"घाई केलीत. रोलर गरम असताना सोडला तर केसांचं वळणही राहत नाही. द्या तो गोळा इकडे."

"भाजेल."

"हातमोजा द्या."

दुसऱ्या वेळी मी दाबला. खांदा भरून आला. प्लास्टिक पुन्हा दुधासारखं होईपर्यंत सोडला नाही.

"आता चालून दाखवा," तो म्हणाला.

"चालायचं नाही, उभं राहायचंय." नणंदेला स्टुलावर बसवलं, कात्री काढली.

"अगं, इथे?"

"मान हलवू नकोस. कान जाईल."

सगळे केस कापले. पाय दुखला, टोचला नाही. सॉकेटमधला जुना ठसा पुसून, पट्टीवर पुन्हा लिपस्टिक लावून उभी राहिले, सॉकेट कोरं.

बाहेर रांगेत नकली पाय लावून बसलेला मिशीवाला ड्रायव्हर खेकसला, "किती वेळ लावलात, बाई!"

"तुमचं टोचतं?"

"टोचतं. पण सवय होईल म्हणाले..."

मी लिपस्टिक त्याच्या हातात कोंबली. "आत जा. सवय म्हणाले तर जागचे हलू नका."