रांगेतला सातवा फोटो

डाफिशा पोटासाठी लग्नांचे फोटो काढायची, पण तिचा जीव रमायचा तो रस्त्यावर. सुपारीच्या पिंकेने रंगलेल्या पायऱ्या, टॅक्सीच्या काचेला गाल लावून झोपलेली शाळकरी पोर, डुकराच्या मटणाच्या दुकानातला धुरकट आरसा. दर शनिवारी असे दहा फोटो ती इंटरनेटवर टाकायची आणि खाली त्या आठवड्यात आवडलेलं एक गाणं जोडायची. गाणं कुणा बड्या कंपनीचं नसायचं. शिलाँगच्याच पोरांनी भिंतीला गाद्या टेकवून घरात रेकॉर्ड केलेलं असायचं.

त्या शनिवारचं गाणं बांतेइचं होतं. बांतेइ मिशनच्या एका शाळेत गाणं शिकवायचा आणि स्वतःची गाणी खासी भाषेत रचायचा. दोघांची जुनी ओळख. सातव्या फोटोत तोही आला होता, एका हिरव्या फाटकाबाहेरच्या रांगेत, कानटोपी ओढून. डाफिशाला त्या टोप्यांची ओळ आवडली होती. फाटक कशाचं, हे तिने पाहिलंच नाही. बाकीच्या गावाने पाहिलं. व्यसन सुटावं म्हणून तिथे रोज औषध देत.

सोमवारी त्याचा फोन आला.

"डाफि, तो सातवा फोटो काढून टाक ना."

"का रे? चांगला आलायस की."

"सुई सोडून दीड वर्ष झालं मला. रोजची गोळी घ्यायला उभा राहतो तिथे. आईलासुद्धा माहीत नाही."

तिने फोटो तत्काळ काढून टाकला. पण तोवर तो या फोनवरून त्या फोनवर फिरला होता. शाळेने त्याला 'काही दिवस घरी थांबा' म्हणून सांगितलं. त्याने शरमेने रांगेत जाणंही सोडलं. तिसऱ्या आठवड्यात गाण्याच्या तालमीच्या खोलीत तो मेलेला सापडला. सुटलेली सुई त्याने पुन्हा धरली होती.

त्याची आई हिल्डा, जिला सगळे मानाने 'काँग', म्हणजे ताई, म्हणत, हिने फ्रेमसाठी फोटो मागवला. डाफिशा चौदा फोटो घेऊन गेली. शवपेटीभोवती शेजारणी बसल्या होत्या, बिनदुधाच्या लाल चहाचे पेले फिरत होते.

"काँग," ती हळूच म्हणाली, "रांगेतला तो फोटो मीच काढला होता."

"माहीत आहे मला. त्यानेच सांगितलं." हिल्डा एकेक फोटो उलटत राहिली. "म्हणाला, तिने मुद्दाम नाही केलं. तसाच होता तो, सगळ्यांना माफ करत सुटायचा. मी नाही तशी."

संत्रं सोलताना हसणारा बांतेइ तिने बाजूला काढला.

"हा ठेवते. तू चहा घे आणि नीघ. प्रार्थनेला थांबू नकोस."

डाफिशाने चहा संपवला. पेला ठेवून ती निघाली.

पुढच्या बुधवारी ती त्या हिरव्या फाटकाशी गेली. गोळ्या वाटणाऱ्या नर्सला तिने सगळं सांगितलं आणि माफी मागितली.

"आधी चाळीस यायचे," नर्स म्हणाली. "त्या फोटोनंतर सव्वीस येतात."

"बाकीचे कुठे असतात? मी जाऊन समजावते."

"तू जाऊन काय सांगणार? आणि कुणाचा पत्ता आम्ही देत नाही, बाई."

डाफिशा वळली. रांगेतल्या दोघांनी तिच्या खांद्यावरची कॅमेऱ्याची पिशवी पाहिली आणि तोंडं भिंतीकडे फिरवली. तिसरा रांग सोडून उताराने निघून गेला.