पिटुकलीचा क्लास

आई गेल्यावर पिटुकलीला ताईनेच वाढवलं. ताई एका मोठ्या लॉन्ड्रीत इस्त्रीवर होती. हॉटेलांच्या चादरी, डॉक्टरांचे कोट, दिवसभर वाफेत उभं राहायचं. पिटुकली कशीबशी तिच्या खांद्याला लागायची, पण चेहरा असा की बसमधली अनोळखी माणसंही वळून बघत.

"हिला मॉडेल करणार मी," ताई लॉन्ड्रीत सगळ्यांना सांगत सुटायची.

"माझ्या उंचीला कोण उभं करतंय?" पिटुकली हसण्यावारी न्यायची.

पण ताईने मॉडेलिंगचा एक क्लास शोधून काढला. भिंतभर आरसे, चकचकीत फरशी, आणि मॅडमच्या बोलण्यात नुसती साखर. "हल्ली बुटक्या मुलींनाच मागणी आहे," मॅडम म्हणाल्या. "फक्त ट्रेनिंग हवं." फीचा आकडा ऐकून पिटुकलीने ताईची बाही ओढली. ताईने मागेपुढे पाहिलं नाही. स्वतःच्या लग्नासाठी साठवलेलं सगळं तिने तिथे भरलं.

तिचं लग्न एका वायरमनशी ठरलं होतं. सरळ माणूस. "थांबू की," एवढंच तो म्हणाला.

क्लासमध्ये उंच मुली पुढे असत, पिटुकली मागच्या रांगेत. फोटोंची वेळ आली की मॅडम म्हणायच्या, "तुझं पुढच्या वेळी बघू." एकदा कपड्यांच्या कंपनीची एक बाई मुली निवडायला आली. जाताना तिने पिटुकलीला जिन्यात थांबवलं.

"तू इथे पैसे भरून शिकतेस?"

"हो."

"अगं, लहान मापाच्या कपड्यांसाठी आम्हाला तुझ्यासारख्या मुली लागतात. त्याला हे चालणं-वळणं काही लागत नाही. खिडकीपाशी उभी राहा, दोन साधे फोटो काढ आणि या नंबरवर पाठवून दे. काम देणारा आधी पैसे मागत नाही, बाळा."

पिटुकली तशीच माघारी फिरली आणि मॅडमकडे फी परत मागितली. भरलेली फी परत मिळत नाही, मॅडमनी सांगितलं. वर, बुटक्या मुलींसाठी वेगळा कोर्स आहे, त्याची फी वेगळी, हेही सांगितलं.

ताईला आजच सगळं सांगायचं, असं ठरवून ती घरी आली, तर दारात वायरमन उभा.

"मला दुसऱ्या गावी नोकरी लागलीय," तो ताईला सांगत होता. "उद्या निघायचंय. चल माझ्याबरोबर. हिलाही घेऊ."

ताईने पिटुकलीकडे पाहिलं. "हिचा क्लास अर्ध्यावर आलाय. आता सोडला तर सगळं पाण्यात जाईल."

"मग नंतर येशील?"

"नंतरचं आत्ता कसं सांगू?"

पिटुकलीच्या ओठांवर शब्द आले होते, पण ताईचा चेहरा बघून ती खाली वाकून चपला काढू लागली. मग तो जिना उतरून गेला. ताईने दार लावलं, तोंडावर पाणी मारलं आणि खुर्ची बाजूला सरकवली.

"चल, आज काय शिकवलं? दाखव चालून."

पिटुकली चालली. भिंतीपर्यंत गेली, वळली, परत आली. ताईने टाळ्या वाजवल्या.

त्यानंतर पिटुकली क्लासला गेलीच नाही. क्लासच्या वेळी ती बस स्टँडवर बसून राहायची. जिन्यातल्या त्या बाईला तिने फोटो पाठवले आणि तिला काम मिळालं. कारखान्यात मापासाठी उभं राहायचं, शिंपी अंगावर टाचण्या लावणार, आपण हलायचं नाही. तेही ती घरी बोलली नाही. दरम्यान, वायरमनने तिकडेच लग्न केल्याचं कानावर आलं.

क्लासचा शेवटचा शो होता, त्या दिवशी ताई न सांगता तिथे गेली. रजा टाकून, नवा ड्रेस घालून. दारातल्या मुलीने दोनदा यादी पाहिली. ही मुलगी तर केव्हाच सोडून गेली, म्हणाली.

पिटुकली घरी आली तेव्हा ताई नव्या ड्रेसमध्येच पलंगावर बसली होती. पिटुकलीने सगळं सांगून टाकलं. जिन्यातली बाई, फी, कारखाना.

"म्हणजे ते काम फुकटात मिळत होतं?" ताईने विचारलं.

"हो."

"तुला कधी कळलं?"

"तो आला होता ना, त्याच दिवशी."

ताईने आपल्या हातांकडे पाहिलं. वाफेने बोटांची कातडी सोलली होती.

"बोलली असतीस तर धावत गेले असते गं मी," ती म्हणाली. "तो जिन्यातच होता."

"तुला वाईट वाटेल म्हणून…"

"हो. ठाऊक आहे मला."

ती रागावली नाही, हेच पिटुकलीला सोसेना. पहिल्या पगाराचं पाकीट तिने ताईच्या शेजारी ठेवलं. ताईने ते उचलून तिच्याच पर्समध्ये घातलं, ड्रेस बदलला, आणि उद्या पहिली पाळी आहे म्हणून दिवा मालवला. पिटुकली भिंतीकडे तोंड करून झोपली. बऱ्याच वेळाने पाठीमागे ताईचं रडणं ऐकू आलं, तेव्हा तिने नेहमीसारखा हात मागे नेला. ताईने तो धरला नाही.