अज्ञातबाई

डोळे मिटू नका, नाहीतर वाचणार कसं? पण डोळ्यांपुढे आणा जरा. एक मोठं दालन आहे. भिंतीवर जुने फोटो, समोर दोरी बांधलेली. दोरीशी एक आजी नातीचा हात धरून उभी आहे. दिसली?

ही आजी कॉलेजात चित्रांचा इतिहास शिकवायची. चित्राखाली ‘चित्रकार अज्ञात’ असं दिसलं की तिचं डोकं फिरायचं. “अज्ञात म्हणजे कुणी विचारायचे कष्ट घेतले नाहीत!” म्हणून मुलांनी तिचं नावच पाडलं, अज्ञातबाई. पुढे विणकरांची वस्ती पाडायला सरकारी माणसं आली, तेव्हा मोर्चाच्या पुढे तीच होती. तुरुंगात गेली. नोकरीही गेली.

आज त्याच मोर्चाचा फोटो भिंतीवर होता. सगळ्यांत पुढे, फलक उंचावलेली तरुण बाई.

“आजी, ही तू! नाक बघ, तुझंच!”

“मग काय उसनं आणलंय? वाच खाली.”

नातीने पाटीवरची अक्षरं जुळवली. “मोर्चातील अज्ञात स्त्री.”

आजी दोरीवरून पुढे वाकली.

“अज्ञात म्हणजे गं?”

“माहीत नसलेली.”

“आणि ज्ञात?”

“माहीत असलेली.”

“एका ‘अ’चाच फरक?”

“एवढाच.”

तेवढ्यात संग्रहालयाचे संचालक लगबगीने आले. आजीचाच विद्यार्थी. फोटोत तिच्या मागे एक पोरगा घोषणा देत होता, तो हाच.

“बाई! येणार म्हणून कळवायचं तरी.”

“ओळखलंस मला?”

“हे काय विचारणं झालं, बाई?”

“मग ही पाटी कुणी लिहिली?”

त्याने आवाज खाली आणला. “नाव घातलं असतं तर फोटोच लागला नसता. वरून तसं सांगितलं होतं. निदान चेहरा तरी राहिला ना…”

“चेहरा चोराचाही लावतात रे भिंतीवर.”

“माझी निवृत्ती जवळ आलीय, बाई. समजून घ्या.”

“घेतलं. तुम्हां सगळ्यांना समजून घेण्यातच जन्म गेला माझा.”

आजीने चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला. पाटी तीच होती. ती दाराकडे वळली.

“चल गं.”

पण नात दोरीखालून आत शिरली होती. टाचा उंचावून, जीभ दातांत धरून, ती नखाने ‘अ’ खरवडत होती.