एकाच पागेची शर्यत

मी एक जुनी शर्यतीची गाडी आहे. मित्रांनो, गाडी म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर चार चाकं आणि इंजिन येईल. माझ्यापाशी तसलं काही नाही. मला दोन चाकं, दोन लांब दांड्या आणि एकच बैठक आहे. दांड्यांच्या मध्ये तट्टू जोडतात, बैठकीवर लगाम धरून एक जण बसतो आणि आम्ही धावतो. धावायचं तेही दुडक्या चालीनंच. तट्टू चौखूर उधळलं, तर त्याला बाजूला घेऊन पुन्हा चालीवर आणावं लागतं, असा आमच्या खेळाचा नियम. इथे सिंगापुरात मला सगळे सल्की म्हणतात. एका मराठी घरात मात्र मला छकडी म्हणत.

माझा जन्म बुकित बातोकच्या एका लहानशा कारखान्यात झाला. तिथे खरं तर व्हीलचेअर बनत. मला बनवून घेतलं सुहैला नावाच्या मलाय बाईंनी. त्या प्राथमिक शाळेतून निवृत्त झाल्या होत्या, म्हणून सगळे त्यांना 'चिकगू' म्हणत. त्यांच्या भाषेत शिक्षकांना तसंच हाक मारतात. त्या राहायच्या बेटाच्या पार पूर्वेला, पासिर रिसमध्ये, आणि आमचा घोडागाड्यांचा क्लब होता वायव्येच्या टोकाला. तरी दर रविवारी पिशवीत गाजरं घालून एमआरटीनं, म्हणजे इथल्या मेट्रोनं, त्या यायच्याच. त्यांच्याकडे एकच तट्टू होतं. हॉकर सेंटर म्हणतात त्या इथल्या खाऊबाजारातल्या कॉफीसारखा त्याचा रंग, म्हणून नाव कोपी; कॉफीला इथे तसंच म्हणतात. मला त्यांनी स्वतःच्या हातानं हिरवा रंग दिला. एका दांडीवर तो थोडा ओघळला होता. तो ओघळ त्यांनी तसाच राहू दिला.

तेव्हा क्लबात बऱ्याच पागा होत्या. कुणाचं एक तट्टू, कुणाची दोन. शिक्षक, हिशेबनीस, विद्यापीठातले संशोधक अशी माणसं आठवडाभर आपापली कामं करून रविवारी लगाम हातात घ्यायची. आज कोण जिंकणार हे छातीठोकपणे कुणालाच सांगता येत नसे, आणि त्या न सांगता येण्यासाठीच माणसं जमायची. हरलेला जिंकणाऱ्याच्या घोड्याला पाणी दाखवायचा. मला वाटायचं, जगात सगळीकडे असंच चालत असेल.

त्या क्लबात निशिकांत नावाचे एक गृहस्थ होते. बँकेत मोठ्या हुद्द्यावर, इथलं नागरिकत्व घेतलेले. लहानपणी त्यांनी मिरजेच्या बाजूला टांग्यांच्या शर्यती पाहिल्या होत्या आणि ते वेड त्यांनी समुद्रापार आणलं होतं. त्यांच्या पागेचं नाव 'विजयश्री'. मित्रांनो, माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगते. त्यांच्या तट्टांना डोक्यावर पंखे होते, वैरण उत्तम होती, डॉक्टर वेळेवर यायचा. फक्त एक होतं. हरणं त्यांना सोसायचं नाही.

एका रविवारी कोपीनं आणि मी विजयश्रीच्या सगळ्या गाड्यांना मागे टाकलं. पुढच्या रविवारी निशिकांत मिठाईचा डबा घेऊन चिकगूंकडे आले आणि कोपी विकत मागितला. बाईंचे यजमान तेव्हा अंथरुणाला खिळले होते. त्यांना दर आठवड्याला येणं जमेनासं झालं होतं. त्यांनी खूप विचार केला आणि हो म्हटलं. कोपीबरोबर मीही गेले. जाताना बाईंनी त्याच्या कपाळावर हात ठेवला, माझ्याकडे मात्र बघितलं नाही.

मी दुःखी झाले असेन, असं तुम्हाला वाटेल. पण खरं सांगायचं तर मी चार दिवसांत सगळं विसरले. नवी बेअरिंग, नवे टायर, हिरव्यावर चढलेला चकचकीत पिवळा रंग. आणि बैठकीवर निशिकांतांची मुलगी क्षिप्रा. शाळकरी पोर, पण लगामाला हात असा हलका की तट्टाला तो जाणवूही नये. मला छकडी म्हणायला तिनंच सुरुवात केली. आम्ही जिंकायला लागलो आणि जिंकतच राहिलो. चषकांसाठी निशिकांतांनी काचेचं कपाट करून घेतलं. पाहुणे आले की मला अंगणात उभी करून माझे फोटो काढत. मी फुशारून जायची.

आमच्या शेजारच्या जागा हळूहळू रिकाम्या होत होत्या, ते माझ्या लक्षात आलं नाही. कुणाचं तट्टू चांगलं पळालं की निशिकांत मिठाई घेऊन जायचे. विभा नावाची एक मराठी संशोधक होती. तिनं शिंगरू असल्यापासून वाढवलेली घोडीही अशीच विजयश्रीत आली. ज्यांनी विकलं नाही, ते हरून हरून कंटाळले आणि यायचे थांबले. कुणी कुरकुर केलीच तर निशिकांत शांतपणे म्हणत, "मी कुणाचं हिसकावून आणलेलं नाही. सगळं नियमात बसतं." आणि ते खोटंही नव्हतं.

शेवटी तो रविवार उजाडला. क्षिप्राला अठरावं लागलं होतं. शर्यतीला पाच गाड्या उभ्या राहिल्या, आणि पाचही विजयश्रीच्या. निवेदकानं नेहमीप्रमाणे नावं वाचायला सुरुवात केली. पहिली गाडी, पागा विजयश्री. दुसरी, पागा विजयश्री. तिसऱ्या नावाला प्रेक्षकांतून कुणीतरी खुदकन हसलं. चौथ्या नावाला निवेदकाचाच आवाज पडला. मुळात प्रेक्षक होते तरी किती? घरची माणसं आणि पाऊस येईल म्हणून छपराखाली आलेले दोन सायकलवाले.

शर्यत सुटली. शेवटच्या वळणावर आमच्या उजव्या हाताला रुचिर होता. रुचिर म्हणजे निशिकांतांचा पुतण्या. शिकायला इथे आलेला आणि त्यांच्याकडेच राहणारा. त्याचं तट्टू जोरात होतं. त्याचं चाक माझ्या चाकाच्या पुढे गेलं. आणि मग ते सावकाश, अगदी बेतानं मागे सरकलं. आम्ही जिंकलो.

त्या दिवशी क्षिप्रानं मान वळवून पाहिलं होतं. तट्टू दमलेलं नव्हतं. रुचिरची आखडलेली कोपरं आणि मागे ओढलेला लगाम तिला दिसला होता. साज उतरवायला ती शेडमध्ये आली ती थेट त्याच्यासमोर उभी राहिली.

"दादा, तू लगाम ओढलास."

रुचिर आधी हसला. मग इथल्या पोरांसारखं म्हणाला, "चिल लाह. तुझा बर्थडे वीक आहे."

"बाबांनी सांगितलं होतं?"

"नाही." तो ओशाळून साजाचे पट्टे सोडवू लागला. "काका कधीच काही सांगत नाहीत. सांगावं लागतच नाही. मी त्यांच्या घरात राहतो, क्षिप्रा. बाकीचे त्यांच्याकडे नोकरीला आहेत. तुला मागे कोण टाकणार?"

"म्हणजे याआधीही?"

त्यानं उत्तर दिलं नाही. मित्रांनो, त्या न दिलेल्या उत्तरानं आमची सगळी वर्षं एका क्षणात रिकामी झाली. मागून येणाऱ्या चाकांचा आवाज ऐन वेळी हलका पडायचा, तो मी कितीदा ऐकला होता. प्रत्येक वेळी मला वाटलं होतं, आपला वेगच तेवढा आहे. मला तोंड असतं तर ते मी लपवलं असतं. क्षिप्राला होतं, आणि तिनं ते कोपीच्या मानेत लपवलं. ती रडत नव्हती. तिचे कान लालबुंद झाले होते.

दुसऱ्या दिवसापासून ती गाडीवर बसली नाही. काचेचं कपाट तिनं आपल्या हातानं झाकून टाकलं. मलाही शेडच्या मागच्या कोपऱ्यात ढकलून वर ताडपत्री टाकली. इथल्या दमट हवेत माझ्या आऱ्यांवर गंज चढला, बैठकीखाली पालींनी घर केलं. मला त्या दुर्लक्षाचं वाईट वाटलं नाही. उजेडात उभं राहायची माझीच हिंमत नव्हती.

पुढे एक दिवस शेडमध्ये ओळखीचा आवाज ऐकू आला. क्षिप्रानं चिकगूंना बोलावून घेतलं होतं. त्यांचे यजमान गेले होते आणि त्या फार थकलेल्या दिसत होत्या. क्षिप्रानं त्यांची मनापासून माफी मागितली आणि कोपीला परत न्या म्हणाली.

"तुझ्या वडिलांनी माझ्याकडून फक्त घोडा घेतला," त्या म्हणाल्या. "यायचं मी आपण होऊन थांबवलं. प्रेक्षकांत बसून तुमची एक शर्यतही बघितली नाही. त्याची लाज मला आहे. ती तू कशाला उचलतेस?"

कोपीला दान म्हणून परत घ्यायला त्या तयार नव्हत्या. मग दोघी बोलत बसल्या. क्लबच्या जमिनीचा करार संपत आला होता. एकाच माणसाच्या छंदासाठी ही जागा पुन्हा मिळणार नाही, हे उघड होतं. जागा गेली की तट्टंही जाणार, कुठे ते कुणालाच माहीत नव्हतं. बाईंनी सांगितलं की वर्गात सगळी हुशार मुलं एका गटात जमली की त्या चिठ्ठ्या टाकायच्या. इथेही तसंच करता येईल. तट्टू कुणाच्याही पागेत राहो, त्याची निगा ज्याची त्यानं राखावी. पण शर्यतीच्या सकाळी कुणी कुठलं तट्टू हाकायचं, हे चिठ्ठीनं ठरावं.

क्लबच्या सभेत क्षिप्रानं हे मांडलं. मी तिथे नव्हते, पण शेडमध्ये दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या तोंडी तेच होतं. सभा इंग्रजीत चालली होती. निशिकांत उठून म्हणाले की त्यांनी एकही नियम मोडलेला नाही, मग शिक्षा कसली? तेव्हा क्षिप्रा त्यांच्याकडे वळून मराठीत म्हणाली, "सगळं नियमात आहे, बाबा. फक्त शर्यत राहिली नाही." मराठी कळणारं दुसरं माणूस त्या खोलीत एकच होतं, विभा. तिनं मान खाली घातली. निशिकांतांनी ती खाली गेलेली मान पाहिली आणि ते सभेतून निघून गेले.

जुन्या सभासदांच्या मतांवर ठराव मंजूर झाला. पण तट्टं निशिकांतांची. त्यांनी दिली नाहीत, तर चिठ्ठ्या टाकायच्या कशाच्या? बरेच दिवस त्यांनी हो म्हटलं नाही की नाही म्हटलं नाही. घरात बाप-लेकीचं बोलणं बंद होतं.

एका संध्याकाळी ते एकटेच शेडमध्ये आले. रुचिर कोपीला खरारा करत होता. वर्षातून एकदा मालकांची शर्यत व्हायची. तिच्यात मालक स्वतः गाडी हाकत आणि विजयश्रीची माणसंही उतरत. ती शर्यत निशिकांतांनी कितीतरी वर्षं ओळीनं जिंकली होती. बँकेतल्या त्यांच्या टेबलावर तिचाच फोटो होता, म्हणे.

"रुचिर," ते म्हणाले, "मालकांच्या शर्यतीत... मी जिंकायचो, तेव्हाही?"

रुचिरचा खरारा थांबला. तो कोपीच्या पाठीकडेच बघत राहिला. निशिकांतांनी "बरं" असं म्हटलं, आणि माझ्यावर टाकलेल्या ताडपत्रीवर ते मटकन बसले. इतकं जड बसणारा माणूस मी तोवर वाहिला नव्हता. बाहेर वीज पडण्याचा इशारा देणारा भोंगा वाजायला लागला, मैदान रिकामं करा म्हणून सांगणारा. तरी ते उठले नाहीत.

चिठ्ठ्यांच्या शर्यतीच्या दिवशी सकाळी विजयश्रीची सगळी तट्टं कुंपणापाशी आणून बांधलेली होती. जुने लोक बातमी ऐकून परतले होते. गाड्या कमी पडल्या, म्हणून मलाही बाहेर काढलं, घासलं, तेल दिलं. पिवळा रंग पोपडे होऊन सुटत होता. विभाला चिठ्ठीत कोपी मिळाला. क्षिप्राला मिळालं टोफू, लहान मुलांना पाठीवरून फिरवणारं एक जाडजूड पांढरं तट्टू, आणि त्याच्यामागे जोडायला उरले होते मी.

टोफूनं आमची शोभा केली. पहिल्याच वळणावर ते उधळलं. क्षिप्रानं त्याला बाहेरच्या अंगाला घेऊन चालीवर आणलं, तोवर बाकीचे पार पुढे गेले होते. समोर विभा आणि एक म्हातारे हिशेबनीस चाकाला चाक लावून चालले होते. रुचिर त्यांच्या मागोमाग घुसत होता, आणि या वेळी त्याची कोपरं सैल होती. लोक कठड्यावर चढून ओरडत होते. कोण जिंकलं ते मला एवढ्या लांबून दिसलंही नाही. नंतर कळलं की विभा, कोपीच्या फक्त नाकाच्या अंतरानं.

आम्ही सगळ्यांच्या शेवटी पोचलो. निशिकांत कठडा ओलांडून आले आणि टोफूच्या साजाचे पट्टे सोडायला लागले. त्यांच्या हातून एकही पट्टा धड सुटेना. क्षिप्रानं त्यांचे हात धरले.

"बाबा, हात किती गार पडलेत तुमचे."

"शेवटपर्यंत कळत नव्हतं गं कोण येतंय ते," ते खालच्या आवाजात म्हणाले. "कितीतरी वर्षांनी असं झालं." चिकगू जवळच उभ्या होत्या. त्यांच्याकडे बघायचं निशिकांतांना धाडस झालं नाही. बाईंनीच पाण्याची बादली उचलून टोफूच्या पुढे ठेवली.

क्लबच्या जागेचा निकाल अजून लागलेला नाही. ती राहील की जाईल, मला माहीत नाही. काचेच्या कपाटातले चषक तिथेच आहेत. त्यांतला कुठला खरा, ते आता कुणालाच सांगता येणार नाही. ती लाज माझ्या पोपड्यांखाली राहील, आणि ती राहावी असंच मला वाटतं.

मित्रांनो, तुम्हीही खेळाल, परीक्षा द्याल, जिंकाल. माझं एवढंच मागणं आहे. तुमच्या शेजारून जो धावतो आहे, त्याला जपा. त्याचं तट्टू विकत घेऊ नका, त्याला घरी बसवू नका. तो दमला, तर त्याच्या पुढ्यात पाणी ठेवा. तो आहे म्हणून तुमचं धावणं धावणं आहे. तो गेला, तर तुम्ही फक्त एका रिकाम्या मैदानाला गोल फेऱ्या मारत असाल, आणि टाळ्या वाजवणाऱ्यांना ते तुमच्या आधी कळलेलं असेल.