खाऱ्या विहिरीतला नर

सुज्ञ वाचकहो, नेवासा तालुक्यातील आमच्या गावची खारी विहीर, तिच्यातील तांदळाच्या कणीएवढा जीव आणि माझी पुतणी सत्यशीला हिची न झुकलेली मान, या तिहींचा वृत्तांत प्रस्तुत लेखकाने येथे यथाशक्ती मांडण्याचे योजिले आहे.

"मॅडम, बाजूला व्हा. पावडर टाकायचीय," सरपंच श्रीमंत विहिरीच्या काठावरून म्हणाले. त्यांच्या पायाशी जंतुनाशक पावडरीचे पोते होते. यात्रा तोंडावर आली होती आणि विहिरीत किडे झाल्याची वार्ता पंचक्रोशीत पसरली होती.

"किडं न्हाईत ती, दादा. कोळंबीच्या कुळातली हायेत. जगात अजून कुनी नोंदलेली न्हाईत."

"मग तळून खाऊ की!" मंडळी हसली.

सत्यशीला महाविद्यालयात तासिका तत्त्वावर प्राणिशास्त्र शिकविते. त्या जीवाच्या माद्या तिला मिळाल्या होत्या. परंतु नराच्या पुढच्या पायाची घडण पाहिल्यावाचून नवी जात सिद्ध होत नव्हती, आणि नर काही केल्या गवसत नव्हता. पावडर पडती तर तो कायमचाच हरवता.

श्रीमंतांनी आवाज खाली आणला. "एक करू. पोतं माघारी नेतो. पर त्याला आमच्या तात्यांचं नाव द्यायचं. कमानीला हाय, टाकीला हाय, स्मशानातल्या शेडलाबी हाय."

"म्हनूनच न्हाई. गावात तात्यांच्या नावाबिगर एवढंच उरलंय."

यात्रेच्या गोधड्या धूत बसलेली आमच्या भावकीतली लंकाबाई खदखदून हसली. "आरं श्रीमंता, किड्याला बापाचं नाव देतुस व्हय?"

सरपंचांचा चेहरा लाल झाला. त्यांनी पोत्याची सुतळी हिसडून तोडली. तत्क्षणी सत्यशीला ओढणी कमरेला बांधून पायऱ्या उतरली आणि कमरेइतक्या पाण्यात उभी राहिली.

"वता आता."

लेकीबाळीच्या अंगावर कोण ओतणार?

"येशील की वर कवातरी," म्हणत श्रीमंत पोत्यावरच बसले.

ती फडक्यातून पाणी गाळीत राहिली. मीही विजार वर सारून बादली धरायला उतरलो. लंकाबाईने वरून भाकरी सोडली. ती ओली झाली, तरी आम्ही खाल्ली.

दिवस कलला तेव्हा एका जीवाला सत्यशीलेने भिंगाखाली धरले. त्याचा पुढचा पाय तिने दोनदा न्याहाळला. मग माझ्याकडे वळून काकडलेल्या ओठांनी म्हणाली, "नाना, नर हाय."

नर काचेच्या कुपीत घालून ती तिने मुठीत घेतली, उरलेले जीव लंकाबाईच्या कळशीत घातले आणि ती वर आली. तिच्यामागे पोते रिते झाले. पाणी दुधासारखे पांढरे पडले, उग्र दर्प सुटला.

"मग कुनाचं नाव देनार?" श्रीमंतांनी विचारले.

"ठरलं की कळवीन. तात्यांचं न्हाई, एवढं लिहून घ्या."

लंकाबाईने कळशी उचलून तिच्या कमरेवर दिली. "माझ्या हिरीत सोड, पोरी. खारीच हाय. माझ्या चोपनात दुसरं जगतंय तरी काय?"

मिठाने पांढऱ्या पडलेल्या त्या रानातून सत्यशीला पुढे चालली. ओल्या कपड्यांचे पाणी तिच्या टाचांवरून ठिबकत होते. कळशी मात्र हिंदकळत नव्हती.

आपण लक्ष देऊन वाचलेत, याबद्दल अंतःकरणपूर्वक आभार.

आपला नम्र,
सूर्यभान रंगनाथ आगळे