माझा नंबर

चष्म्याच्या दुकानात ती इतकी वर्षं काम करत होती की कुणीही भेटलं की तिची नजर आधी नाकाच्या दांड्यावर जायची. मालक गल्ल्यावर बसत, डोळे तपासणारे डॉक्टर आतल्या खोलीत. फ्रेम निवडून देणं, डोळ्यांच्या बाहुल्यांमधलं अंतर मोजणं, कानामागे टोचणाऱ्या काड्या गरम करून वाकवणं, हे सगळं तिच्याकडे. गिऱ्हाइकं तिला 'चष्मेवाल्या ताई' म्हणत.

एक गोष्ट मात्र तिच्या मनात बरेच दिवस खुपत होती. पुरुष फ्रेम लावून आरशात बघत. बायका फ्रेम लावून आधी सोबत आलेल्या माणसाकडे बघत. एकट्या आलेल्या असल्या तर म्हणत, "कोणतीही द्या हो, घरातच तर असते मी." एक बाई तर नवऱ्याने टाकून दिलेली फ्रेम घेऊन आली आणि त्यातच आपली भिंगं बसवून मागितली. बसवून दिली. पण मान जरा खाली केली की चष्मा ओठांवर यायचा. ती बाई हसून म्हणाली, "चला, या निमित्ताने मान वर ठेवायची सवय लागेल."

हे तिने घरी कॉलेजात शिकणाऱ्या लेकीला सांगितलं, तेव्हा लेक जेवता जेवता थांबली. "आई, हे लिही की तू. ब्लॉग काढ."

"मी? मला कोण विचारतंय?"

"कुणी विचारेल म्हणून थांबलीस तर झालंच मग."

दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी लेकीने तिला लॅपटॉपसमोर बसवलं. नाव काय द्यायचं यावर बराच खल झाला. लेकीने सुचवलेली नावं निवडणुकीच्या घोषणांसारखी वाटत होती. शेवटी तिलाच सुचलं: 'माझा नंबर'. चष्म्याचाही, आणि रांगेतलाही. लेक खूश झाली. पण खाली ब्लॉग कशाबद्दल आहे ते लिहायची जागा होती, तिथे लेकीने पटकन 'एका स्त्रीवादी बाईचा ब्लॉग' असं टाइप केलं आणि तिने ते पुसायला लावलं. लोकांना वाटेल बाई भांडायलाच बसली आहे, असं तिचं म्हणणं. मग तिथे 'चष्म्याच्या दुकानातून दिसलेल्या बायका' एवढंच राहिलं. नवरा मागून डोकावून म्हणाला, यात मी येणार नाही ना? ती म्हणाली, ते तुमच्या वागण्यावर आहे.

ओठांवर घसरणाऱ्या चष्म्याची गोष्ट तिने पहिली लिहिली, कुणाला ओळखू येणार नाही अशा बेताने. ती लेकीच्या मैत्रिणींनी वाचली, दोन्ही जावांनी वाचली. एका जावेने फोन करून सांगितलं की वाचल्यावर तिने स्वतःचा चष्मा काढून नीट बघितला आणि तो तिच्या नवऱ्याने निवडलेला होता हे तिला आठवलं. दोघी हसून हसून दमल्या.

मग तिने आईबद्दल लिहिलं.

आई गुडघ्याच्या ऑपरेशनपासून तिच्याकडेच राहत होती. आईला लहानपणापासून लांबचं दिसत नव्हतं, आणि हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. रस्त्यात ओळखीचं माणूस समोरून आलं तरी ती न बोलता पुढे जायची, म्हणून सासरचे तिला शिष्ट म्हणायचे. उंबऱ्याला अडखळली की वेंधळी म्हणायचे. ती स्वतः दुकानात कामाला लागली आणि आईला तिथे घेऊन गेली, तेव्हा कुठे आईला पहिला चष्मा मिळाला. हे सगळं तिने अगदी मन लावून लिहिलं. बसवरची पाटी दिसत नाही म्हणून जन्मभर एकटी गल्लीबाहेर न पडलेली बिचारी बाई, चष्म्यासाठी कधी तोंड न उघडलेली, आणि चष्मा लावल्यावर झाडाची वेगवेगळी पानं बघून रडलेली. लिहिताना तिच्याच डोळ्यांना पाणी आलं.

दुसऱ्या दिवशी परगावाहून दादाचा फोन. त्याचा आवाज फोनबाहेर ऐकू येईल इतका चढलेला होता. बाबा जाऊन एवढी वर्षं झाली, आता त्यांना चव्हाट्यावर कशाला आणलंस, त्यांनी काय आईला कोंडून ठेवलं होतं का, असं तो बराच वेळ बोलत राहिला. फोन ठेवला तर आई दारात उभी.

"काय लिहिलंयस माझ्याबद्दल?"

खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. तिने मोबाइलवर अक्षरं मोठी करून दिली. आई खिडकीजवळच्या खुर्चीत बसून वाचू लागली. ती स्वयंपाकघरात जाऊन आधीच धुतलेली भांडी पुन्हा धुवू लागली. फार वेळ झाला तरी आईची हाक येईना. शेवटी तीच हात पुसत बाहेर आली.

आई रागावलेली दिसत नव्हती. काहीतरी हरवल्यावर माणूस बसतं तशी बसली होती.

"छान लिहिलंयस," आई म्हणाली. "पण ही मी नाही."

"आई, बाबांना वाईट ठरवायचं माझ्या मनात नव्हतं गं."

"त्यांचं राहू दे, त्यांचं मी बघते. तू मला बिचारी केलंस. आयुष्यभर लोकांनी मला शिष्ट म्हटलं, वेंधळी म्हटलं, ते चाललं. पण बिचारी कुणी म्हटलं नव्हतं."

ती आईसमोर जमिनीवरच बसली. मग आईने जे सांगितलं ते या घरात आजवर कुणी ऐकलेलं नव्हतं.

मुलं शाळेत गेली आणि बाबा कामावर गेले की आई दाराला कुलूप लावून बाहेर पडायची. स्टॉपवर जाऊन उभी राहायची. पाटी दिसत नव्हतीच, म्हणून जी बस येईल तिच्यात चढायची. कंडक्टरने कुठे जायचंय विचारलं की म्हणायची, शेवटपर्यंत. तिथे उतरून जरा फिरायची आणि त्याच बसने परत यायची, मुलांच्या आधी. एका बसने ती विमानतळाच्या कुंपणापाशी पोचली होती. दिसायचं सगळं धुरकटच, पण आवाज छातीत शिरायचा. एका बसच्या शेवटच्या स्टॉपला तलाव होता. तिथे कपडे धुणाऱ्या एका बाईशी तिची मैत्री जमली होती. चेहरा कधी नीट दिसला नाही, पण तिचं हसणं आजही ओळखता येईल, असं आई म्हणाली.

"आणि आम्हाला वाटायचं तू दुपारी झोपतेस."

"तसंच वाटू दिलं ना मी."

"बाबांना माहीत होतं?"

आईने चष्मा काढून पदराने पुसला. "एकदा चपलांना तलावाकाठचा चिखल होता. त्यांनी चपलांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. काही विचारलं नाही. मलाही सांगावंसं वाटलं नाही. ती माझी वेळ होती. वाईट नव्हते गं ते. बायकोला दिसतं की नाही हे विचारायचं असतं, हेच त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. हे लिही हवं तर. ते खरं आहे."

"आणि चष्मा? तो का नाही मागितलास?"

"मागितला की. दोनदा. पुढच्या वर्षी बघू म्हणाले. तिसऱ्यांदा मागायचा मला कंटाळा आला." आई हसली. "आणि पानं बघून मी रडले नव्हते. तुझा तो चष्मा नाकाला टोचत होता. तू नवीन होतीस, म्हणून बोलले नाही."

आता तीही हसली, आणि हसता हसता रडू लागली. आईने तिच्या डोक्यावर हात ठेवला. आपल्याला बायकांचं सगळं दिसतं असं समजून आपण लिहायला बसलो, आणि जिने आपल्याला पोटात वाढवलं त्या बाईला एक प्रश्न विचारायचं राहिलं, हे तिला आतपर्यंत लागलं. तिने ते तसंच बोलून दाखवलं. आई म्हणाली, "मग आता विचारलंस ना. खोड ते."

दोघी लॅपटॉपशी बसल्या. जुना लेख काढून टाकला. आई सांगत होती, ती टाइप करत होती. जरा सजवायला गेली की आई हात धरायची. तलावाला निळाशार लिहिलं तर आईने ते पुसायला लावलं: मला दिसला होता का तो निळा? नाव कुणाचं घालायचं यावर आई म्हणाली की वरती 'सांगणारी' म्हणून मला घाल, 'लिहिणारी' म्हणून तू राहा. मग आईची नजर वरच्या ओळीवर गेली, चष्म्याच्या दुकानातून दिसलेल्या बायका.

"मी काही दुकानातून दिसलेली नाही."

"तुझ्या नातीने आधी दुसरं लिहिलं होतं. स्त्रीवादी."

"म्हणजे काय?"

तिने विचार केला. "बाईला माणसात धरायचं. आणि तिच्या वतीने बोलायच्या आधी तिला विचारायचं."

"यात घाबरण्यासारखं काय आहे? घाल."

तिने घातलं. प्रकाशित करायचं बटण आईने स्वतः दाबलं आणि लगेच विचारलं, कुणी वाचलं का? एवढ्यात नाही वाचत गं, असं सांगितल्यावर आई जरा हिरमुसली. गुडघा दुखतोय, पडते थोडी, म्हणून आत गेली. जाताना बजावून गेली, "कुणी काही लिहिलं तर मला उठव."

आई झोपली. खरंच झोपली, हलकं घोरतही होती. ती कपड्यांच्या घड्या घालत होती तेव्हा लेखाखाली पहिला अभिप्राय आला. दादाचा. बाबांबद्दल एक शब्द नव्हता. एवढंच होतं: "आई, तलावावर मलाही का नेलं नाहीस? मी शाळेला दांडी मारली असती."

ती आतल्या खोलीच्या दारात गेली. आईचा चष्मा उशाशी होता, तोंड जरासं उघडं. इतकी गाढ झोप अलीकडे आईला लागत नसे. झोपू दे बिचारीला, असं तिच्या मनात आलं, आणि तिथेच ती थबकली. आईने स्पष्ट सांगितलं होतं.

तिने पलंगाच्या कडेला बसून आईच्या खांद्याला हात लावला. "आई, ऊठ. दादाने लिहिलंय."