पाणी सांगणारा वाटाड्या

मित्रांनो, बीदरजवळच्या चिटगुप्प्याच्या एका शाळेत लोखंडी कपाट आहे. त्याच्या खालच्या फळीवर, भूमितीच्या पुस्तकांमागे, शिवण उसवलेलं आणि कडांना पिवळं पडलेलं एक पुस्तक दिसलं तर बिचकू नका. तो मीच. प्रवासाला निघणाऱ्या माणसाच्या हाती असणारा मी एक वाटाड्या आहे, फक्त कागदाचा. माझ्या मुखपृष्ठावर अजून ‘म्हैसूर राज्य’ असंच लिहिलेलं आहे. त्यावरून माझं वय ओळखा.

मला लिहिलं ते बीदरच्या हणमंतराव मास्तरांनी. शाळेतून निवृत्त झाल्यावर लोक देवळात बसतात, हे सायकलवर बसले. हैदराबादहून येणारे लोक किल्ला पाहतात, भजी खातात आणि संध्याकाळच्या बसनं परत जातात, याचं त्यांना वाईट वाटायचं. आसपासच्या खेड्यांत जुन्या बारवा आहेत, शिल्पं आहेत, ती कोणी पाहायची? म्हणून पिशवीत एक तांब्या टाकून ते गावोगाव फिरले. आपला हा मुलूख लाल दगडाचा, पाणी खोल. त्यामुळे मास्तरांनी एक रीत ठेवली. ज्या गावी जायचं तिथलं पाणी आधी प्यायचं आणि मगच त्या गावाबद्दल लिहायचं. राजांच्या वंशावळी पुष्कळ पुस्तकांत आहेत, पण तहानलेल्या माणसाला वंशावळ पाजता येत नाही, असं ते म्हणत.

बीदरच्या एका लहानशा छापखान्यात १९६८ साली माझा जन्म झाला. कागद खरखरीत होता, शाई थोडी फुटली होती, तरी मी दिसायला बरा होतो. आणि खोटं कशाला बोलू, मी लवकरच शेफारलो. बसमध्ये लोक मला उघडून बसायचे. कुठल्या गावी उतरायचं, किती चालायचं, पाणी कुठं मिळेल, सगळं माझ्यात होतं. ज्या गावांचं मी कौतुक केलं होतं ती गावंही खूश होती. संतपूरच्या अलीकडच्या एका गावानं तर माझं पान फाडून चावडीच्या भिंतीवर चिकटवलं होतं. गावाचं नाव सांगत नाही. तिथं आता नातवंडं नांदतात, त्यांना उगाच बोल नको.

त्या पानावर असं छापलं होतं: ‘देवळामागे दगडात कोरलेल्या हत्तींची रांग पाहण्याजोगी आहे. वेशीजवळच्या विहिरीचे पाणी अमृतासारखे गोड. येथील लोक येणाऱ्या प्रत्येकास आग्रहाने पाणी पाजतात. बरोबर पाण्याचे ओझे नेऊ नये.’

आता शोभाबाईंची ओळख करून देतो, कारण माझं खरं आयुष्य त्यांच्या हातात सुरू झालं. त्या बीदरला मुलींच्या एका वसतिगृहात राहायच्या आणि शाळेत शिकवायच्या. त्यांचे वडील पिराजी यांनी छप्पन सालानंतर लगेच बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. दीक्षा घेतली म्हणून गावची विहीर काही बदलली नाही. लहानपणी शोभाबाई घागर घेऊन विहिरीपासून लांब उभ्या राहायच्या आणि कोणी तरी वरून पाणी ओतेल याची वाट पाहायच्या. पुढं त्या शिकल्या, नोकरीला लागल्या आणि पहिल्याच वर्षी त्यांनी मला विकत घेतलं. वसतिगृहातल्या मुलींना जग दाखवायचं होतं ना!

म्हैसूर राज्याचं कर्नाटक झालं त्याच्या पुढच्या हिवाळ्यात त्यांनी मुलींची सहल काढली. आदल्या दिवशी त्यांनी ते पान दोनदा वाचलं. मुलींनी कळशा घासून ठेवल्या होत्या. शोभाबाई थोडा वेळ विचारात पडल्या. गावागावांतल्या विहिरी त्यांना चांगल्या ठाऊक होत्या. पण छापील अक्षराचा धाक मोठा, आणि आशाही मोठी. ‘प्रत्येकास’ असं लिहिलंय, एखादं गाव असेलही तसं, असं मनाशी म्हणून त्यांनी कळशा ठेवून दिल्या. मित्रांनो, त्यांनी स्वतःच्या आयुष्यापेक्षा माझ्यावर जास्त विश्वास ठेवला.

बसमधून उतरून दोन कोस चालताना ऊन चढलं. वेशीजवळ पोचल्या तेव्हा मुलींच्या घशाला कोरड पडली होती. विहिरीवर नागूबाई नावाच्या एक बाई पोहऱ्यानं पाणी शेंदत होत्या. मेंढरं राखणाऱ्या घरातल्या, मायाळू. मुलींना पाहून त्या हसल्या, पोहरा पुढं केला आणि आपल्याकडे विचारतात तसं विचारलं, कोणत्या गावच्या, कोणाच्या? शोभाबाईंना खोटं बोलता आलं असतं. मुली ऐकत होत्या, म्हणून त्या खोटं बोलल्या नाहीत. आम्ही बौद्ध, असं त्यांनी सरळ सांगितलं.

नागूबाईंचा हात थांबला. इंदिरा नावाच्या मुलीनं मला पिशवीतून काढलं आणि ते पान मोठ्यानं वाचून दाखवलं, ‘येणाऱ्या प्रत्येकास’. वाचताना तिला वाटत होतं की आता पाणी मिळेल. नागूबाईंनी पावलांकडे पाहिलं.

“मला कामून कोड्यात टाकायलाव, बाई?” त्या म्हणाल्या. “इहीर माझ्या एकटीची न्हाई.”

त्या घागर उचलून निघून गेल्या. हत्ती कोणीच पाहिले नाहीत. परत फिरताना इंदिरा चक्कर येऊन बसली. शोभाबाईंनी ओढ्याच्या वाळूत हातांनी खड्डा केला. झिऱ्यातून गढूळ पाणी वर येईपर्यंत मुली भोवती बसून राहिल्या. ते निवळलं तसं ओंजळीनं प्याल्या. मी पिशवीत होतो. त्या वेळी मला माझ्याच त्या पानाची लाज वाटली.

दुसऱ्याच दिवशी शोभाबाई हणमंतराव मास्तरांच्या घरी गेल्या. मास्तर तेव्हा घाईत होते. राज्याचं नाव बदललं म्हणून माझी नवी आवृत्ती निघायची होती, छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायला घेतले होते. सगळं ऐकून ते आधी चिडले. आपण त्या गावी स्वतः पाणी प्यालो, गुळाचा खडाही दिला लोकांनी, एक अक्षरही खोटं लिहिलेलं नाही, असं म्हणाले.

“तुमाला दिलं, सर. तुमी खोटं लिव्हलं न्हाई,” शोभाबाई म्हणाल्या. “पण पुस्तक तुमच्या एकट्यासाठी काढलं व्हय?”

मास्तर बराच वेळ माझी पानं उलटत बसले. शेकडो मैल सायकल हाकलेला तो माणूस. कुठल्याच वेशीवर ‘कोणाचे?’ असं विचारून त्यांना कोणी पाण्यापासून अडवलं नव्हतं, आणि ही गोष्ट त्यांच्या कधी ध्यानातच आली नव्हती. शेवटी ते म्हणाले की ते वाक्य आपण काढून टाकू.

“काढू नका,” शोभाबाई म्हणाल्या. “खरं करा.”

चार दिवस मास्तरांनी छापखान्याला थांबवून ठेवलं. मग ते वसतिगृहात आले आणि पुन्हा त्या गावी येता का, असं विचारलं. शोभाबाई मुलींसह निघाल्या, पण या वेळी त्यांनी दोन भरलेल्या कळशा बरोबर घेतल्या. मास्तरांचं वाक्य खरं होण्यासाठी मुलींना तहानेनं कासावीस करायची त्यांची तयारी नव्हती.

गावानं मास्तरांना लगेच ओळखलं. पुस्तकवाले मास्तर आले म्हणून पारावरचे लोक उठले, तांब्या आणि गूळ आला. मास्तरांनी तांब्यावर हात ठेवला आणि आधी या मुलींना द्या, असं म्हणाले.  गावातले वडीलधारे रेवणसिद्धप्पा सावकाश बोलले, तुम्ही पाहुणे आहात, गावाचं गावाला बघू द्या.

“अप्पा, नवं पुस्तक छापायला घेतलंय,” मास्तर म्हणाले. “तुमच्या चावडीवरचं ते वाक्य ठेवू का काढू? तुम्ही सांगाल तसं छापतो.”

मित्रांनो, त्या गावाला माझ्या त्या पानाचा किती अभिमान होता म्हणून सांगू! सोयरीक जुळवायला पाहुणे आले तरी त्यांना आधी चावडीवर नेऊन ते वाचून दाखवायचे. आता ठेवा म्हणावं तर पाणी द्यावं लागणार, काढा म्हणावं तर मुलखात नाक कापलं जाणार. कोणी खाली पाहत होतं, कोणी पागोटं सारखं करत होतं. 

शोभाबाई उत्तरासाठी थांबल्या नाहीत. कायदा त्यांच्या बाजूनं कधीचाच होता, तो त्यांनी उच्चारलाही नाही. त्या सरळ विहिरीवर चढल्या आणि पोहऱ्याचा दोर हातात घेतला. आयुष्यात पहिल्यांदाच त्या कुठल्या तरी गावच्या विहिरीतून पाणी शेंदत होत्या. सवय नसल्यानं पोहरा कडेला आपटत वर येत होता, पाणी सांडत होतं. पारावरची माणसं उभी राहिली. तेवढ्यात घागर घेऊन बाजूला उभ्या असलेल्या नागूबाई जवळ आल्या. माझ्या पानांना धडकी भरली.

“मधी धर, अक्का,” नागूबाई म्हणाल्या. “कडंला लागला की सांडतंय.”

आणि त्यांनी आपली घागर उचलून काठावर जागा करून दिली. शोभाबाईंनी पोहरा वर काढला. मुली ओळीनं प्याल्या. मास्तर सगळ्यांच्या मागून प्याले.

त्या दिवशी सगळं गाव बदललं, असं मी तुम्हाला सांगणार नाही. रेवणसिद्धप्पा तसेच घरी गेले. काही घरांतल्या बायका पुढं कित्येक दिवस लांबच्या मळ्यातून पाणी आणत होत्या आणि नागूबाईंशी बोलत नव्हत्या. पण विहिरीवर पुन्हा कोणी कोणाला अडवलं नाही. आणि त्या सहलीत मुलींनी हत्ती पाहिले. त्यातल्या एकाची सोंड तुटलेली आहे हे मास्तरांना माहीतच नव्हतं.

नवी आवृत्ती वर्षभर उशिरा निघाली. मास्तर पुन्हा सायकलवर बसले, कधी कधी शोभाबाईही बरोबर असायच्या. प्रत्येक गावी पाणी प्यायचं ही रीत तीच, पण आता आधी विचारायचं की हे पाणी कोणाकोणाला मिळतं. जिथं सगळ्यांना मिळायचं नाही, तिथं मास्तरांनी तसं छापलं. काही गावं रागावली, दुकानदारांनी पुस्तक ठेवायचं बंद केलं. मास्तरांची आणि माझी मान थोडी खाली आली, पण खोटेपणाचा बोल गेला. पुढं रंगीत चित्रांची गुळगुळीत पुस्तकं आली. त्यांत राहायच्या खोल्या असतात, जेवणाचे भाव असतात. मास्तर गेले. शोभाबाई बदली होऊन चिटगुप्प्याला आल्या, मोठ्या बाई झाल्या आणि मला या कपाटात ठेवून दिलं. वाळवीनं माझी शेवटची पानं खाल्ली. त्यांवर बीदर ते आमच्या इकडच्या कल्याणच्या बसच्या वेळा होत्या. त्या बस आता नाहीत, म्हणून मी वाळवीवर रागावत नाही.

मित्रांनो, आता तुम्ही खूप फिराल. फिरा. भिंतींवर नावं कोरू नका, ओढ्यात कचरा टाकू नका, हे तुम्हाला नवी पुस्तकं सांगतीलच. मी आणखी एक मागणं मागतो. परक्या गावात कोणी हसून पाण्याचा तांब्या पुढं केला, तर ते गाव चांगलं आहे असं लगेच लिहून टाकू नका. तांब्या हातात घ्या, मागं वळून पाहा आणि तुमच्यामागं उभ्या असलेल्या माणसाला तो मिळेल का, हे विचारा. मग प्या.